आधी कडी तर वाजवा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा राहिला होता. सोळा पानं लागली की सकाळी अंक छपाईला. शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर मामांची डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं लावायची, खोली आहे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी प्रूफं पाहते, मामा दुरुस्त्या करतात, असं आमचं गेली कित्येक वर्षं चाललंय. त्या रात्री पान ११८ वर एका कवितेची ओळ खालच्या कडव्यात घसरली होती. ती मी दाखवली. मामांनी माउस हलवला तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. ती काय म्हणते ते वाचायच्या आत मामांचा हात सवयीने एंटरवर गेला. यंत्र बंद झालं, परत सुरू झालं आणि टक्के मोजायला लागलं. तीन टक्के. अकरा टक्के. संगणक बंद करू नका.

पाऊण तासाने यंत्र जागं झालं तेव्हा सगळं जागेवर दिसत होतं. फक्त मराठी उमटत नव्हतं. मामांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या आजच्या समान संकेतपद्धतीच्या, आधीचं. ते चालायला मागच्या बाजूला अंगठ्याएवढा एक डोंगल लावावा लागतो, त्याला आमच्याकडे लॉक म्हणतात. पडद्यावर संदेश होता: लॉक सापडलं नाही. मामांनी लॉक काढलं, फुंकर मारली, दुसऱ्या भोकात लावलं. तिसऱ्या भोकात लावलं. पहाटे तीनपर्यंत आम्ही तेच करत होतो. कवितेची ओळ चुकीच्या कडव्यात तशीच होती. ती उचलून वर ठेवण्याइतकंही काम त्या यंत्रावर होत नव्हतं.

पुढचे तीन दिवस मामांनी फोनवर काढले. टायपिंगचं सॉफ्टवेअर विकणारे म्हणाले, आमच्यात काही बदललं नाही, दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, अपडेटचा. सिस्टिमवाल्यांच्या मदत केंद्राचं म्हणणं, ड्रायव्हर, म्हणजे लॉकची यंत्राशी ओळख करून देणारा प्रोग्राम, जुना आहे, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. कदाचित दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. सुरक्षेचे नियम कडक झाले की जुने ड्रायव्हर नाकारले जातात, हे यंत्राच्या दृष्टीने बरोबरच असतं. पण पानामागे पैसे घेणाऱ्या माणसाचे तीन दिवस गेले, अंक उशिरा निघाला, छापखान्याची पाळी हुकली, आणि या सगळ्याचा भुर्दंड एकट्या मामांनी सोसला. ज्यांनी अपडेट पाठवलं त्यांना याची खबरसुद्धा नाही.

हा प्रश्न मामांच्या खोलीपुरता नाही म्हणून लिहायला बसले. तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात प्रवेश अर्जाच्या शेवटच्या दिवशी पोरं रांगेत उभी असतात आणि केंद्रातल्या दोनपैकी एक यंत्र टक्के मोजत असतं. दवाखान्यातल्या टेबलावर, सोसायटीच्या पतपेढीत, कर भरणा करणाऱ्या सल्लागाराकडे हेच. यंत्र विकत घेतलं आपण, वीज आपली, काम आपलं. आणि ते कधी थांबणार हे ठरवणार तिसराच कुणीतरी.

आपल्याकडे यावर एक ठरलेला तोडगा आहे. नवा संगणक घरी लावून देणारा तंत्रज्ञ जाता जाता सांगतो, "काकू, अपडेट बंद करून ठेवलंय, आता त्रास नाही." तो मनापासून सांगतो आणि आपण मनापासून त्याचे आभार मानतो. हा तोडगा घातक आहे. मामांवर जे गुदरलं ते डोळ्यांनी पाहूनही मी हे म्हणते.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुरक्षेतल्या एका मोठ्या भोकासाठी सुरक्षा-दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीखोर कीड त्याच भोकातून जगभर पसरली. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त यंत्रं कुलूपबंद झाली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांच्या यंत्रात ती दुरुस्ती शिरली होती त्यांना त्या भोकाची धास्ती नव्हती. ज्यांनी अपडेट बंद ठेवलं होतं किंवा पुढे पुढे ढकललं होतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या फायली गेल्या.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, संकट आपल्या दारात आलं. न्हावा शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवत असलेलं एक टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे आहे आणि कुठे जायचाय हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर माणसांनी हाताने काम ओढायला सुरुवात केली. हल्ला नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या एका किडीचा होता. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत सांगितलं की कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

नॉटपेट्या यंत्रायंत्रांतून पसरला तो ज्या वाटांनी, त्यांतली एक मार्चमध्येच बुजवलेल्या त्या भोकाची होती. म्हणजे अपडेट न केलेली यंत्रं त्याच्या कामी आली. पण मुळात तो आत शिरला कसा? युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट पाठवणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. ज्या ग्राहकांनी इमानाने अपडेट घेतलं, त्यांच्या घरात चोर पुढच्या दाराने आला. अपडेट नाकारणारा आणि अपडेट स्वीकारणारा, दोघंही एकाच दिवशी बुडाले, आणि त्याची झळ युक्रेनपासून हजारो किलोमीटरवर उरणच्या किनाऱ्यापर्यंत आली.

म्हणून 'अपडेट हवं की नको' असा वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. अपडेट या एका नावाखाली आपल्या यंत्रात काय काय आणि कोणाच्या सोयीने शिरतं, त्याचं काय करायचं ते बोलायला हवं.

गळती काढायला प्लंबर आला तर आपण त्याला चहा देतो. त्याने न विचारता स्वयंपाकघरातली मांडणी बदलली, देवघर दुसऱ्या भिंतीला नेलं आणि जाताना भिंतीवर आपल्या दुकानाची जाहिरात लावली, तर आपण काय म्हणू? सुरक्षेची दुरुस्ती ही गळती काढण्यासारखी आहे. ती तातडीची असते आणि बहुतेक वेळा लहान असते. पण त्याच गाठोड्यात नवा दिसणारा मेन्यू येतो, न मागितलेले ॲप येतात, शोधपट्टीत बातम्या येतात, ठरवून ठेवलेला ब्राउझर बदलण्याचा आग्रह येतो. गाठोडं सोडून हवं तेवढं घ्यायची सोय नाही. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत एकेक दुरुस्ती निवडून घेता येत असे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून दर महिन्याचं एकत्रित गाठोडं आलं, आणि २०१६ च्या ऑक्टोबरपासून विंडोज ७ आणि ८.१ लाही तीच पद्धत लावली. होम आवृत्ती घेणाऱ्या सामान्य माणसाला तर सुरुवातीला पुढे ढकलण्याचीही मुभा नव्हती. ती मिळाली २०१९ च्या मे महिन्यात, तीही सात-सात दिवसांनी, जास्तीत जास्त ३५ दिवस.

विश्वास कसा उडतो त्याचं २०१६ चं उदाहरण मला नेहमी आठवतं. विंडोज १० फुकट घ्या असं सांगणारी खिडकी यंत्रावर सारखी उघडत असे. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की खिडकी बंद होते, हे आपण सगळे संगणकाच्या पहिल्या दिवशी शिकलो. त्या वसंतात त्या फुलीचा अर्थ बदलला: खिडकी बंद व्हायची, पण ठरलेल्या वेळी नवी प्रणाली बसवण्याला तुमची संमती धरली जायची. खूप आरडाओरडा झाल्यावर कंपनीने ते मागे घेतलं. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास-व्यवसाय चालवणाऱ्या बाईंचा कामाचा संगणक अशा न मागितलेल्या अपडेटनंतर धड चालेना. त्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्यांना १०,००० डॉलर द्यावे लागले. कंपनीने चूक मान्य केली नाही, पुढचं अपील सोडून दिलं, एवढंच. तरीही एका लहान व्यावसायिकाच्या बुडालेल्या दिवसांची किंमत न्यायालयाने पैशांत मोजली.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट २०१८ ची. २ ऑक्टोबरला विंडोज १० चं मोठं अपडेट सुटलं आणि चार दिवसांत थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांतल्या फायली नाहीशा झाल्या. का झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. सी ड्राइव्ह भरत आला की डॉक्युमेंट्सचा पत्ता डी ड्राइव्हकडे वळवायचा, ही आपल्याकडच्या प्रत्येक तंत्रज्ञाची पद्धत. पत्ता वळवला तरी जुन्या फायली पुष्कळदा सी वरच्या जुन्या फोल्डरात राहून जातात. अपडेटने त्या जुन्या फोल्डराला जास्तीची नक्कल समजून पुसून टाकलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे असे लोक अगदी थोडे होते, दहा हजारांत एखादा. पण चाचणी करणाऱ्या हौशी वापरकर्त्यांनी ही तक्रार आधीच नोंदवली होती आणि ती ढिगाऱ्यात दिसली नव्हती. नंतर तक्रारीची तीव्रता नोंदवायचा रकाना ठेवला गेला. सुधारलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला आलं, दिवाळी होऊन गेल्यावर. मी ज्या व्यवसायात आहे तिथे ऑक्टोबरमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर पुसला जाणं म्हणजे काय, हे दिवाळी अंकाचं काम केलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

दहा हजारांत एक. हा आकडा कंपनीच्या कोष्टकात किरकोळ दिसतो, पण तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला पूर्णच येतो. त्याच्याकडे दुसरं यंत्र नसतं, बॅकअपची हार्ड डिस्क नसते. मोठ्या कंपन्यांत संगणक विभाग असतो, आधी दहा यंत्रांवर अपडेट लावून बघतो, मग बाकीच्यांना देतो. तसा विभाग नसलेला लहान माणूस त्या पहिल्या दहा यंत्रांतला असतो आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि सगळ्यांना एकदम देण्याचा परिणाम आपण १९ जुलै २०२४ ला पाहिला. तो विंडोजचा दोष नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल पाठवली, ती सदोष निघाली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळून बिघाडाच्या निळ्या पडद्यावर अडकली. चूक लक्षात येऊन फाइल मागे घ्यायला ७८ मिनिटं लागली, पण तोवर अडकलेल्या यंत्रांपाशी माणसाने स्वतः जाऊन, ती सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच सोयींसह, उघडून, फाइल पुसावी लागली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यानंतर त्या कंपनीने असे बदल टप्प्याटप्प्याने सोडायचं आणि ग्राहकाला त्यावर ताबा द्यायचं जाहीर केलं. ही अक्कल आधी का नव्हती, असं मी विचारणार नाही. कायद्याने बंधन नसेल तर ती सगळ्यांनाच प्रत्येक वेळी नुकसान झाल्यावर सुचणार, एवढंच म्हणते.

कंपन्यांची बाजू मला कळते. लोकांवर सोपवलं तर लोक अपडेट करत नाहीत, हे वॉनाक्रायने दाखवलं. एकाचं उघडं यंत्र शेजारच्या दहा यंत्रांना धोका असतं, लसीकरणासारखं. म्हणून सुरक्षेचं अपडेट आपोआप चालू असणं मला मान्य आहे, नव्हे, ते तसंच असावं. पण लस टोचताना सुईतून दुसरं काही देत नाहीत. आणि लस घेतल्यावर ताप आला तर कुठे जायचं ते केंद्रावर सांगतात.

युरोपीय संघाने हे कायद्यात लिहिलं आहे. १० डिसेंबर २०२४ ला अमलात आलेला त्यांचा सायबर रेझिलियन्स कायदा म्हणतो: सुरक्षेचं अपडेट आपोआप होऊ द्या, पण ते बंद करायची सोपी, ठळक सोय ठेवा, तात्पुरतं पुढे ढकलता आलं पाहिजे, आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेची दुरुस्ती नव्या सुविधांपासून वेगळी द्या. त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. हे अशक्य कोटीतलं नाही. डेबियन लिनक्स या मोफत प्रणालीत सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा वेगळा प्रवाह वर्षानुवर्षं आहे. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून अशी सोय आहे की नवी प्रणाली शेजारच्या कप्प्यात तयार होते, आणि ती धड सुरू झाली नाही तर फोन जुन्या कप्प्यावर परततो.

मागितलं की मिळतं, हेही युरोपानेच दाखवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आणखी वर्षभर सुरक्षा-दुरुस्त्या हव्या असतील तर ३० डॉलर भरा किंवा आपल्या सेटिंग कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, अशा अटी होत्या. तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, आणि युरोपच्या घरगुती ग्राहकांसाठी त्या अटी सैल करून वर्ष फुकट मिळालं. आपण मागितलंच नाही.

आपल्याकडे कायद्याचा पाया नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आहे: ग्राहकाच्या हक्कांवर एकतर्फी कुरघोडी करणारा करार ग्राहक आयोगासमोर तपासता येतो. धंद्यासाठी वस्तू घेणारा सहसा ग्राहक ठरत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच, असं हा कायदा स्पष्ट म्हणतो. म्हणजे मामा ग्राहक आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाचं नुकसान करणाऱ्याला भरपाई द्यायला लावतं. अडतं ते परवानगीपाशी. प्रणाली बसवताना न वाचता दाबलेलं 'मान्य आहे' हे बटण ही पुढच्या सगळ्या वर्षांची, सगळ्या अपडेटची परवानगी धरली जाते. आणि त्याच करारात सहसा असंही असतं की नुकसान झालंच तर भरपाई प्रणालीच्या किमतीपुरती. मामांचे तीन दिवस त्या किमतीत बसत नाहीत.

मला हवंय ते एवढं. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी, बाकीचं वेगळं. दुरुस्तीसुद्धा बिघडू शकते: २०२१ च्या मार्चमध्ये सुरक्षा-अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरकडे पान पाठवलं की यंत्र निळ्या पडद्यावर कोसळत होतं. म्हणून मागे फिरायची वाट एका बटणाची आणि मराठीत असली पाहिजे. यंत्र बंद होणार असेल तर चालू असलेलं काम जपूनच व्हावं, आणि एंटर दाबणं म्हणजे होकार असं धरू नये. अपडेटमुळे चालतं सॉफ्टवेअर बंद पडलं तर दोन कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी ग्राहकाची तक्रार ज्याने अपडेट पाठवलं त्याने नोंदवून घ्यावी. आणि महाराष्ट्र सरकार, जे शाळांसाठी, तहसील कार्यालयांसाठी, पोलिसांसाठी हजारो यंत्रं घेतं, त्याने या अटी आपल्या निविदांत घालाव्यात. कायदा व्हायला वर्षं लागतील. निविदेतली अट पुढच्या खरेदीपासून घालता येते, आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं कोणत्याही कंपनीला जड जाईल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी लोकांना कळावं. विंडोजमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' नावाचा पर्याय आहे, कामाच्या तासांत यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊ नये म्हणून. तो १८ तासांपर्यंत वाढवता येतो. महत्त्वाच्या आठवड्याआधी अपडेट थांबवून ठेवावं आणि काम संपल्यावर आठवणीने चालू करावं. घोळ झालाच तर अपडेटच्या इतिहासात जाऊन शेवटचं अपडेट काढता येतं. आणि एक गोष्ट आजच करा: यंत्रावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायची किल्ली, कागदावर उतरवून कपाटात ठेवा. २०२४ च्या जुलैत एका अपडेटनंतर काही यंत्रं सुरू होताना हीच की मागत होती. ज्यांना की हा शब्दच माहीत नव्हता त्यांनी त्या पडद्यासमोर काय करायचं?

मामांनी स्वतःपुरता मार्ग काढलाय. जुन्या बाजारातून त्यांनी एक संगणक आणला, त्यावर जुनी प्रणाली आणि ते लॉक बसवलं, आणि त्याची इंटरनेटची वायर कायमची काढून ठेवली. त्यावर सुरक्षेची एकही दुरुस्ती कधी येणार नाही. या वर्षीचे अंक त्याच यंत्रावर लागतायत. लेखकांचे लेख खालच्या मजल्यावरच्या नेट असलेल्या यंत्रावर उतरतात, मग पेन ड्राइव्ह मुठीत धरून मामा जिना चढतात. दिवसातून दहा वेळा. गुडघे दुखतात म्हणून मधल्या पायरीवर थांबतात. परवा मी विचारलं, "मामा, त्या पेन ड्राइव्हमधून काही आलं तर?" ते म्हणाले, "येऊ दे. निदान मी सांगितल्याशिवाय बंद तर पडत नाही."